कलमांखाली कोंबड्या सोडल्या तर खाद्याचा खर्च खरंच वाचतो का?

सड्यावरचा | २ सप्टेंबर, २२:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

चिपळूण तालुक्यात आमची दीड एकर बाग आहे. ३२ हापूस, थोडे काजू, कडेने करवंदीच्या जाळ्या, खाली घोटाभर पाचोळा. मी पुण्यात नोकरीला, महिन्यातून दोन शनिवार-रविवार गावी. आई तिथेच असते. वय ६४, तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. घरात चार-पाच गावठी कोंबड्या मला आठवतंय तेव्हापासून आहेत.

डोक्यात असं आहे की मांसासाठी म्हणून १०० पक्षी घ्यायचे, दिवसभर बागेत मोकळे सोडायचे, रात्री खुराड्यात. मी पाहिलेल्या एका व्हिडिओत एक गृहस्थ छातीठोक सांगतात की मोकळ्यावर 'खाद्याचा खर्च शून्य'. आईला दाखवला. ती म्हणाली, "त्याच्या कोंबड्या वारा खातात काय?"

तर ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा. गवत, किडे, पाचोळा यांवर कोंबडी किती वाढते? विकत किती घालावं लागतं? आणि अॅझोलाचं (पाण्यावर तरंगत वाढणारी ती वनस्पती) काय?

कोंबडीचोर | २ सप्टेंबर, २२:१९

पत्ता नीट लिहा राव. ३२ हापूस आणि १०० कोंबड्या एका ठिकाणी म्हणजे मे महिन्याची माझी सोय झाली.

तलंग | २ सप्टेंबर, २३:०२

आईंना माझा नमस्कार सांगा. धाग्याचं उत्तर त्यांनीच देऊन टाकलंय.

मी सांगली जिल्ह्यात सहा वर्षं क्रॉस पक्षी, म्हणजे संकरित जाती, पाळतेय. आधी डीपी, नंतर सोनाली, आता कावेरी. शून्य खर्चाच्या गप्पा ऐकून मीही सुरुवातीला महिनाभर नुसत्या कण्यांवर सोडले होते. पक्षी हिंडायचे, उकरायचे, बघायला छान वाटायचं. ५० व्या दिवशी उचलून बघितलं तर हातात छातीचं हाड लागलं, मांस नाहीच.

मग वही घातली. एकाच दिवसाची पिल्लं, ४० बंद ठेवली, ४० शेवग्याच्या प्लॉटात मोकळी. ८० दिवसांनी बंदवाल्यांनी सरासरी ३ किलो ४०० ग्रॅम खाद्य खाऊन सव्वा किलो वजन दिलं. मोकळ्यांनी २ किलो ९०० ग्रॅम खाल्लं आणि वजन दिलं १ किलो १००. भागाकार तुम्हीच करा. किलोभर वजनामागे फरक ८० ग्रॅम खाद्याचा! रानात जे मिळवलं ते बहुतेक हिंडण्यातच जाळलं त्यांनी.

मग मोकळं कशाला ठेवते? कारण गिऱ्हाईक मोकळ्या पक्ष्याला जास्त पैसे देतं, मांस घट्ट असतं, पक्षी एकमेकांची पिसं उपटत नाहीत आणि शेडमधला वास नाही. पण खाद्य वाचेल म्हणून करत असाल तर नका करू.

भाऊसाहेब_नगरी | ३ सप्टेंबर, ०७:४०

तलंगताईंनी खरं लिहिलं, बरं वाटलं. माझं ५,००० पक्ष्यांचं शेड आहे, करार पद्धतीवर. ४० दिवसात दोन किलोचा पक्षी, साधारण सव्वातीन-साडेतीन किलो खाद्यात. तुमच्या मोकळ्या कोंबडीला त्याच खाद्यात ८० दिवस आणि वजन निम्मं. हौस म्हणून करा, धंदा म्हणू नका.

आणि एक विनंती. इथे कुणीतरी आता 'ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात' असं लिहिणारच आहे. बाबांनो, ५,००० पक्ष्यांना रोज सुई टोचायला माणसं कुठून आणू? औषधापेक्षा मजुरी जास्त होईल.

वऱ्हाडी_झटका | ३ सप्टेंबर, ०८:१५

भाऊ, आमच्या अकोल्यात मे महिन्यात दुपारी कोंबडी सोडली तं ती शिजूनच घरी येते. मसाला तेवढा लावायचा.

शाकाहारीच_बरी | ३ सप्टेंबर, ०९:३०

ते हार्मोनचं नाही तर मग इतक्या लवकर वाढतात कशा? आमच्या शेजारच्या मुलीला नवव्या वर्षीच... जाऊ दे. पण धूर उगाच निघत नाही.

निवृत्त_पशुवैद्य | ३ सप्टेंबर, ११:५५

भाऊसाहेबांचं बरोबर आहे. हार्मोन कुणी देत नाही, द्यायची गरजही नाही. ब्रॉयलर लवकर वाढतो तो पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. त्याला जन्मापासून भूकच तशी दिलेली असते. खरा प्रश्न अँटिबायोटिकचा आहे. आजार नसताना, वाढीसाठी म्हणून खाद्यातून देणं. कोलिस्टिनवर २०१९ साली केंद्राने बंदी घातली ती याच कारणाने, कारण माणसाच्या इस्पितळात ते अखेरचं औषध म्हणून राखून ठेवलेलं असतं. शंका घ्यायचीच तर तिथे घ्या.

आता मूळ प्रश्न. कोंबडी म्हणजे शेळी नव्हे. तिला गवत पचत नाही. ती गवताचे कोवळे शेंडे खाते, त्यातून जीवनसत्त्वं मिळतात, चरबी पिवळी होते, पण त्यावर मांस चढत नाही. मांस चढायला दोन गोष्टी लागतात. ताकदीसाठी धान्य (मका, बाजरी, ज्वारी, कणी) आणि प्रथिनं (सोयाबीन पेंड, मासळी, किडे). बागेतल्या पाचोळ्यात प्रथिनं थोडीफार मिळतात, धान्य मिळत नाही. म्हणजे दाणा तुम्हालाच घालायचाय.

अॅझोला. लोक सांगतात की त्यात २० ते २५ टक्के प्रथिनं. खरं आहे, पण वाळवल्यावर. ओल्या अॅझोलात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. १० किलो ओला गोळा करा, कोरडा माल हाती येतो जेमतेम ६०० ग्रॅम. त्यातली प्रथिनं दीडशे ग्रॅमच्या आत. चटणी म्हणून घाला, भाकरी म्हणून नको.

कोंबडीचोर | ३ सप्टेंबर, १२:०३

'चटणी म्हणून घाला, भाकरी म्हणून नको.' डॉक्टर, हे मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये लावणार आहे.

ओहायोकर | ३ सप्टेंबर, १९:२०

मी मूळचा कऱ्हाडचा, आता ओहायोत. घरामागे पाऊण एकर गवत. इथे हा प्रकार बराच चालतो. व्हर्जिनियातल्या जोएल सॅलॅटिन या शेतकऱ्याने तो लोकप्रिय केला. १० बाय १२ फुटांचा, दोन फूट उंचीचा, तळ नसलेला पिंजरा. आत ७०-७५ पक्षी. रोज सकाळी पिंजरा पुढे सरकवायचा, म्हणजे रोज ताजं गवत आणि विष्ठा सगळीकडे सारखी पसरते.

पहिल्या वर्षी मी नेहमीचे पांढरे ब्रॉयलर घातले. ८ आठवड्यांत तयार होतात. पिंजरा सरकवला की पाच मिनिटं गवत टोचतात आणि मग खाद्याच्या भांड्यापुढे फतकल मारून बसतात. उन्हाळ्यात एका दुपारी ९ गेले. दुसऱ्या वर्षी सावकाश वाढणारे तांबडे घेतले, ११ आठवडे लागले, पण ते खरंच हिंडतात. खाद्य दोन्हींना पोतं-पोतं लागलं. खरा फायदा जमिनीला झाला. जिथून पिंजरा गेला तिथलं गवत दुसऱ्या वर्षी गुडघ्याएवढं.

बाकी इथे वर्षाला १,००० पक्ष्यांपर्यंत स्वतः कापून विकायला केंद्राची सूट आहे, राज्याचे नियम वेगळे. कापायचं काम मात्र बायको अंगणात करू देत नाही, गॅरेजमागे.

गुहागरी | ३ सप्टेंबर, २१:४५

ओहायोकर, तुमचं गवत आणि आमचं गवत यात फरक आहे. तुमचं गवत उन्हाळ्यात, पक्षी पण उन्हाळ्यात. कोकणात गवत जून ते ऑक्टोबर, आणि त्याच महिन्यांत पाऊस असा की महिन्याचं पिल्लू एका सरीत भिजलं तर संध्याकाळी उलटं. दिवाळीनंतर पिल्लू सुखरूप, पण सड्यावरचं गवत वाळून कोळ. दोन्ही एका वेळी मिळतच नाही इथे.

म्हणून सड्यावरच्या भाऊंना सांगतो, 'चराऊ कुरण' हा शब्दच डोक्यातून काढा. आपल्याकडे कोंबडी गवतावर नाही, पाचोळ्यावर जगते. कलमाखालचा पाचोळा झाडून जाळत असाल तर आधी ते बंद करा. आंब्याच्या बुंध्याशी पाचोळ्याचा ढीग, वर थोडं शेण, अधूनमधून पाणी. आठ दिवसांनी कोंबड्या तिथून हलत नाहीत. वाळवीसाठी आमचे आजोबा मडक्यात शेण आणि जुनं गोणपाट कोंबून, थोडं भिजवून, वारुळाशेजारी उपडं ठेवत. सकाळी मडकं उचलून पिल्लांपुढे झटकायचं. पिल्लं वेडी व्हायची. हे बघायला मी शाळेला उशीर करायचो.

आणि राखण. घार फक्त पिल्लं नेते, दोन महिन्यांच्या पुढे फारशी भीती नाही. मुंगूस दिवसा येतो. रात्री येतो तो कांडेचोर (उदमांजर) नाहीतर रानमांजर. षट्कोनी कोंबडी जाळी त्यांना कागद वाटते. पैसे गेले तरी अर्ध्या इंची वेल्डमेश घ्या आणि दाराखाली जांभ्याचा चिरा बसवा.

सड्यावरचा | ३ सप्टेंबर, २२:३०

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. खरं सांगतो, पाचोळा आम्ही दरवर्षी जाळतो. आईला विचारलं तर म्हणते, "तुझे बाबा जाळायचे म्हणून."

डॉक्टर, घरचं काही वापरता येईल का? मामाकडे सोयाबीन आहे, इथे भाताची कणी मिळते, बंदरावर सुकट स्वस्त. एक जण म्हणाला अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य जरा स्वस्त पडतं, तेच घाल.

निवृत्त_पशुवैद्य | ४ सप्टेंबर, १०:१०

घरचं जरूर वापरा, पण चार खड्डे चुकवून.

सोयाबीन कच्चं घालायचं नाही. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, पक्षी खातो आणि खुरटतो. भाजून भरडा, नाहीतर सरळ पेंड घ्या. सुकट चांगली, पण खारवलेली नको. कोंबडीला मीठ फार सोसत नाही, पाणी पिऊन पिऊन हगवण लागते आणि मरते. बिनमिठाची वाळवलेली मिळाली तर १० किलो खाद्यात अर्धा किलोपर्यंत ठीक. कापायच्या आधी दोन आठवडे बंद करा, नाहीतर रस्सा कोंबडीचा आणि वास बोंबलाचा.

अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य वाढत्या पक्ष्याला नाही म्हणजे नाही. त्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असतं, ते पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. आणि बुरशीचा मका. 'कोंबडीलाच तर घालायचाय' म्हणून लोक काळा पडलेला मका स्वस्तात उचलतात. ते विष यकृतात जातं. तुम्हाला वाटतं रोग आला, आलेला असतो मका.

पहिला महिना मात्र काटकसर करू नका. तयार स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य) घाला. पुढे अर्धं तयार, अर्धं घरचं. पाणी खाद्याच्या दुप्पट, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

लसीबद्दल अजून कुणी बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. मानमोडी, म्हणजे राणीखेत. मान पिळवटते, हिरवी हगवण, आणि चार दिवसांत खुराडं रिकामं. ३४ वर्षांच्या नोकरीत मी बायाबापड्यांना रडताना पाहिलंय ते याच रोगाने. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची लस) डोळ्यात थेंब, १४ व्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात आर-टू-बी या राणीखेतच्याच लसीचं इंजेक्शन. कुपी बहुधा १०० मात्रांची येते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्यांसाठी एकच दिवस धरा. शेजारच्या कोंबड्या टोचल्या नाहीत तर तुमच्याही सुरक्षित नाहीत, मोकळ्या सोडल्यावर कुंपण कोंबड्यांना असतं, रोगाला नसतं.

तलंग | ४ सप्टेंबर, १०:४८

डॉक्टरांच्या प्रतिसादाची प्रिंट काढून शेडमध्ये लावली.

एक भर. दाणा सकाळी मूठभर, मुख्य संध्याकाळी. सकाळी पोटभर घातला तर दिवसभर झाडाखाली पसरतात, रानात जातच नाहीत. आणि संध्याकाळी दाणा मिळतो हे कळलं की हाकेला घरी येतात. रात्री खुराड्यात हात घालून दोन-तीन पक्ष्यांच्या गळ्याखालची पिशवी चाचपायची. लिंबाएवढी टणक लागली पाहिजे. रिकामी, लिबलिबीत लागली तर दुसऱ्या दिवशी दाणा वाढवायचा. वजनकाट्यापेक्षा हे लवकर कळतं.

सड्यावरचे दादा, एक दिवसाची पिल्लं घेऊ नका. पुण्यात बसून ब्रूडिंग (पिल्लांना बल्बची ऊब देणं) होत नाही आणि आईंना रात्री तीनदा उठून बल्ब बघायला लावू नका. लसीकरण झालेली महिन्याची पिल्लं घ्या. आणि १०० नको, ६०.

भाऊसाहेब_नगरी | ४ सप्टेंबर, १३:३०

एक गोष्ट मी मान्य करतो. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आणि २०२० ला त्या चिकनमुळे कोरोना होतो असल्या अफवेत, आमचे शेडवाले भुईसपाट झाले. मार्च २०२० मध्ये माझ्या गावात तयार पक्षी फुकट वाटले, काहींनी खड्ड्यात पुरले. त्याच आठवड्यात वस्तीवरच्या एका म्हातारीच्या गावरान कोंबड्या नेहमीच्या भावाने जात होत्या. मी तिच्याकडून एक घेऊन खाल्ली. चव... बरी होती.

वऱ्हाडी_झटका | ४ सप्टेंबर, १३:३४

'बरी होती' म्हणे. नगरच्या माणसानं एवढं म्हणणं म्हणजे लय झालं.

निवृत्त_पशुवैद्य | ४ सप्टेंबर, १५:००

बर्ड फ्लूचा विषय निघालाच आहे तर, मोकळा पक्षी त्यातून सुटतो असं नाही. रानपक्षी, बदकं यांच्याशी त्याचीच गाठ जास्त पडते. पाण्याची भांडी उघड्यावर ठेवू नका.

शाकाहारीच_बरी | ४ सप्टेंबर, १६:२०

इतकं जपायचं, हाक मारून बोलवायचं आणि मग कापायचं. मला नाही कळत. बरं, गणपती तोंडावर आलेत आणि इथे रश्शाच्या गप्पा!

गुहागरी | ४ सप्टेंबर, १६:५५

ताई, आमच्याकडे कित्येक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. माहेरवाशीण येते, तिला आवडतं ते करायचं. गणपतीसमोर पडदा धरतात, एवढंच.

शाकाहारीच_बरी | ४ सप्टेंबर, १७:०१

पडदा?! म्हणजे बाप्पाला वास येत नाही?

कोंबडीचोर | ४ सप्टेंबर, १७:०४

सोंड एवढी लांब, येत असणार. बोलत नाही बिचारा.

(यापुढचे गौर, नैवेद्य आणि कुणाच्या घरात काय शिजतं याचे २३ प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया कोंबड्यांवर या. – संपादक)

सड्यावरचा | ६ सप्टेंबर, २१:१५

ठरलं. ६० पक्षी, महिन्याचे, नोव्हेंबरच्या मध्यावर. म्हणजे शिमग्याच्या आधी तयार. पाचोळा यंदा जाळणार नाही. खुराडं जांभ्याच्या जुन्या गोठ्यात, वेल्डमेश लावून. आईने एक अट घातली आहे, हिशेबाची वही तिच्याकडे.

सड्यावरचा | २३ नोव्हेंबर, २०:४०

पिल्लं आली. क्रॉसच आहेत, तांबडी-करडी. पहिले सात दिवस गोठ्यातच कोंडून ठेवली, घर ओळखावं म्हणून. काल दार उघडलं. अर्धा तास उंबऱ्यावर गर्दी करून नुसती बघत होती. मग आईची जुनी कोंबडी आली, पाचोळ्यात दोन लाथा मारल्या, मागे सरून वाकून बघितलं आणि काहीतरी गिळलं. एक पिल्लू गेलं. मग सगळी गेली. मी तिथेच बसून राहिलो, चहा गार झाला.

ओहायोकर | २३ नोव्हेंबर, २१:३०

आमच्याकडे बर्फ पडलंय आणि फ्रीझरमध्ये १८ उरलेत. हे वाचून बरं वाटलं.

सड्यावरचा | १२ डिसेंबर, ०६:५०

काल रात्री चार गेल्या. मानेशी चावा, बाकी अंग तसंच. एकीचंच थोडं खाल्लेलं. वेल्डमेश शाबूत आहे, दाराखालचा चिरा शाबूत आहे. कौलातून आला. एक कौल सरकलेलं होतं, मीच मागच्या खेपेला माळ्यावर चढलो होतो.

आई काही बोलली नाही. वहीत '४ – कौल' असं लिहिलं.

गुहागरी | १२ डिसेंबर, ०७:२०

कांडेचोरच. वाईट वाटलं. कौलाखालून आतल्या बाजूने जाळी ठोका, नुसतं कौल सरळ करून भागणार नाही, आज पुन्हा येईल. आणि सापळा-विष काही करू नका, कायद्याने संरक्षित प्राणी आहे. 

तलंग | १२ डिसेंबर, ०८:०५

माझ्या पहिल्या वर्षी एका रात्रीत ११. तेव्हा मी घरच्यांना सांगितलं की विकल्या.

भाऊसाहेब_नगरी | १२ डिसेंबर, ०८:३०

पोरा, मन लावून करतोयस. कौलाचं लगेच कर.

सड्यावरचा | १८ फेब्रुवारी, २२:२५

कबूल केल्याप्रमाणे हिशेब. आईच्या वहीतून जसाच्या तसा, मी फक्त बेरीज केली.

६० पिल्लं, १०० रुपयांनी ६,०००. खाद्य २१० किलो, घरचं-तयार मिळून सरासरी ३२ रुपये, म्हणजे ६,७२०. लस-औषधं ६००. चार कांडेचोराने नेल्या, दोन दिवसाढवळ्या नाहीशा झाल्या (मुंगूस, नाहीतर वाडीतला कुणी, आई नाव घेत नाही), तीन जानेवारीतल्या थंडीत सर्दी होऊन गेल्या. राहिल्या ५१. त्यातल्या चार आम्ही आणि पाहुण्यांनी खाल्ल्या. सहा तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा आईने ठेवून घेतले. ४० विकल्या, नग ५०० ने, वजन सरासरी १ किलो ४००. आले २०,०००. खर्च वजा जाता ६,६८०. वेल्डमेश, बिजागऱ्या, सुताराची मजुरी ७,०००. म्हणजे पहिल्या खेपेला ३२० रुपये तोटा. जाळी पुढची काही वर्षं टिकेल, तेव्हा पुढच्या खेपेला हा खर्च नाही. आईची मजुरी धरली नाही. ती म्हणाली धरू नको, तुला परवडणार नाही.

खाद्याचं म्हणाल तर तलंगताईंची वही बरोबर निघाली. ७० दिवसांत पक्ष्यामागे जवळपास चार किलो गेलं. नोव्हेंबर-डिसेंबरात पाचोळा ओलसर होता तोवर संध्याकाळी कमी खायच्या. जानेवारीत पाचोळा कुरकुरीत झाला तशी भूक वाढली. आईने मग शेवटच्या महिन्यात दोन कलमांखाली न्हाणीचं पाणी वळवलं. सगळ्या कोंबड्या दिवसभर त्या दोन झाडांखाली.

एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. यंदा बागेत तण काढायला माणूस लावला नाही. उकरून उकरून भुई उघडी केली त्यांनी.

निवृत्त_पशुवैद्य | १९ फेब्रुवारी, ०९:१०

फार व्यवस्थित हिशेब. आईंना सांगा, मी असतो तर त्यांना आमच्या खात्यात घेतलं असतं. ६० पैकी नऊ गेल्या, त्यात रोगाने फक्त तीन. पुढच्या वेळी थंडीत रात्री वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, पण वरून हवा खेळती ठेवा. बुंध्याशी फार खोल उकरत असतील तर मुळांवर दगड रचा.

भाऊसाहेब_नगरी | १९ फेब्रुवारी, ०९:४५

३२० रुपये तोटा? मला करारात एका बॅचला मर जास्त झाली तेव्हा याहून कितीतरी जास्त बसलाय. ५०० रुपये नगाने घेणारं गिऱ्हाईक कुठलं ते मात्र खाजगीत सांगा.

वऱ्हाडी_झटका | १९ फेब्रुवारी, ०९:५२

भाऊसाहेब मोकळ्यावर आले रे!

शाकाहारीच_बरी | १९ फेब्रुवारी, ११:३०

तो ठेवून घेतलेला एक कोंबडा, त्याचं काय?

सड्यावरचा | १९ फेब्रुवारी, १३:०५

तो ओढ्यापलीकडच्या काकूंना विकला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या पायरीवर येऊन आरवला. आईने काकूंना ५०० रुपये परत दिले. आता तो आईच्या मागे मागे विहिरीपर्यंत जातो आणि मी गेलो की मला टोचतो. वहीत त्याच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही.

कोंबडीचोर | १९ फेब्रुवारी, १३:०९

मे महिन्याचं पक्कं धरू ना? कोंबडा राहू दे, आंबे चालतील.